स्नानाची सोबत : जपानी वृद्धांच्या आंघोळीचा इतिहास

१/
२०१९ या एका वर्षात जपानमध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ४,९०० माणसे राहत्या ठिकाणच्या स्नानाच्या टबात बुडून मरण पावली. त्या वर्षी रस्ते अपघातांत दगावलेल्या वृद्धांच्या संख्येच्या हा आकडा जवळजवळ दुप्पट आहे. ज्या देशाने आंघोळीला कलेचा दर्जा दिला, त्याच देशात म्हातारपणी आंघोळ इतकी धोक्याची का ठरावी? या प्रश्नाचे निम्मे उत्तर वैद्यकशास्त्रात आहे आणि निम्मे इतिहासात. हा थ्रेड प्रामुख्याने दुसऱ्या अर्ध्याविषयी. 🧵

२/
आधी जपानी स्नानाची रीत. मराठी घरात आंघोळ म्हणजे बादली, तांब्या आणि बसायला पाट किंवा स्टूल. पाणी अंगावरून वाहून जाते. म्हातारपणी भीती असते ती पाय घसरण्याची. जपानमध्ये आधी टबाबाहेर बसून साबणाने अंग धुतात आणि मग गरम पाण्याने भरलेल्या खोल टबात गळ्यापर्यंत बुडून शांत बसतात. याला ओफुरो म्हणतात. टबात साबण नेत नाहीत, कारण तेच पाणी घरातली सगळी माणसे एकामागून एक वापरतात. म्हणजे तिथे घसरण्याच्या भीतीत बुडण्याची भीती मिळवावी लागते.

३/
आज हे स्नान दार लावून एकट्याने करायचे असते. पण जपानच्या इतिहासात असे एकट्याचे स्नान ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. त्याआधी कित्येक शतके आंघोळ चारचौघांत होत होती, आणि दुर्बळ माणसाला आंघोळ घालणे हे तर पुण्यकर्म मानले जात होते. ही कल्पना जपानला ज्या वाटेने पोहोचली, तिची सुरुवात भारतात आहे.

४/
पाली विनयपिटकात ‘जन्ताघर’ हा शब्द येतो. जन्ताघर म्हणजे भिक्षूंचे उष्ण स्नानगृह. त्याची परवानगी मागितली ती जीवक वैद्याने. वेसालीत भिक्षूंच्या शरीरात दोष साठलेले पाहून त्याने बुद्धांना दोन गोष्टी सुचवल्या : चंक्रमण, म्हणजे फेऱ्या घालण्याची जागा, आणि जन्ताघर. व्यायाम आणि शेक! अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या सल्ल्यात आजच्या डॉक्टरलाही फारशी दुरुस्ती सुचणार नाही.

५/
त्याहून महत्त्वाचे आहेत ते शिष्याच्या कर्तव्यांचे नियम. उपाध्यायाला स्नानाला जायचे असेल तर शिष्याने चूर्ण मळून ठेवावे, माती भिजवावी, बसण्याचे पीठ घेऊन मागोमाग जावे. आत वडीलधाऱ्या भिक्षूंना खेटून बसू नये आणि नव्या भिक्षूंना जागेवरून उठवूही नये. स्नान झाल्यावर स्वतः आधी बाहेर यावे, अंग पुसून वस्त्र नेसावे आणि मग उपाध्यायाच्या अंगावरचे पाणी टिपावे, त्यांना वस्त्र द्यावे, पुढे जाऊन आसन मांडून ठेवावे.

६/
या नियमांतला क्रम बारकाईने पाहावा. सेवा करणाऱ्याने आधी स्वतः कोरडे व्हायचे, कारण ओल्या, थरथरत्या हातांनी दुसऱ्याला सावरता येत नाही. बसायचे पीठ आधी, पाणी नंतर. गुरूला उघड्या अंगाने ताटकळत ठेवायचे नाही. या नियमांत भक्तीचा गहिवर कुठेही नाही, आहे ती निव्वळ व्यवहाराची शिस्त. म्हणूनच ते विश्वासार्ह वाटतात. (हाच विनय पाळणाऱ्या भिक्षूंनी कान्हेरीच्या खडकात पाण्याच्या पोढ्या खोदून घेतल्या.)

७/
महावग्गातला एक प्रसंग मराठी बौद्ध वाचकांना परिचित असेल. अतिसाराने खंगलेला एक भिक्षू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला बुद्धांना दिसला. तो इतरांच्या उपयोगी पडत नसल्याने त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले. बुद्धांनी ते ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि मग एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायाकडून धरून त्याला मंचकावर ठेवले. निजलेल्या माणसाला आंघोळ घालणे एकट्याच्याने होत नाही, हे इथेच दिसून येते.

८/
ही परंपरा चीनमार्गे जपानला गेली. भिक्षुसंघाला स्नान घालण्याविषयीचे एक सूत्र चिनी भाषेत प्रचलित झाले. त्यात बुद्धांशी संवाद करणारा उपासक आहे तो पुन्हा जीवकच. स्नानाला लागणाऱ्या सात वस्तू (सरपण, स्वच्छ पाणी, अंग चोळण्याचे चूर्ण, तेल, राख, दातवण, अंतर्वस्त्र) त्यात मोजून दिल्या आहेत. जपानी मठांनी स्नानगृहे बांधली, आणि पुढे गरीब व आजारी लोकांसाठीही ती उघडली. अशा दानस्नानाला ‘सेयोकु’ म्हणतात.

९/
त्यातली सर्वांत प्रसिद्ध कथा सम्राज्ञी कोम्यो (७०१–७६०) हिची. एक हजार माणसांना स्वहस्ते न्हाऊ घालण्याचे व्रत तिने घेतले. हजारावा माणूस आला तो महारोगी. तिने त्यालाही धुतले, आणि तो अक्षोभ्य बुद्धाच्या रूपात प्रकट झाला. ही आख्यायिका आहे. १३२२ सालच्या ‘गेन्को शाकुशो’ या ग्रंथात ती सापडते. पण कोम्योने ७३० मध्ये गरिबांसाठी औषधालय काढले हा इतिहास आहे, आणि नारा येथील होक्के-जी मठात तिच्या नावाशी जोडलेले बाष्पस्नानगृह (आजची वास्तू उत्तरकालीन) अजून दाखवतात.

१०/
पुढे स्नान पुण्याकडून बाजाराकडे वळले. १५९१ मध्ये एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, पहिले सशुल्क स्नानगृह सुरू झाल्याची नोंद आहे. या सार्वजनिक स्नानगृहांना सेंतो म्हणतात. लाकडी घरांच्या त्या शहरात आगीची धास्ती मोठी, पाणी आणि सरपणही महाग. त्यामुळे बऱ्यापैकी सुस्थितीतले व्यापारीही घरी चूल पेटवण्याऐवजी सेंतोत जात. अंग चोळून देणारा ‘सान्सुके’ नावाचा नोकर तिथे असे. सरपण, पाणी आणि गिऱ्हाइकांची पाठ हे तिन्ही त्याच्याकडे.

११/
एदोच्या सेंतोतली गरम पाण्याची कोठडी जवळजवळ काळोखी असे. वाफ निसटू नये म्हणून तिचे तोंड इतके बुटके ठेवत की वाकूनच आत शिरावे लागे. आतला माणूस दिसत नसे. त्यामुळे आत जाणाऱ्याने, आपले अंग गार आहे, सांभाळून घ्या, अशा अर्थाची आरोळी देण्याचा शिष्टाचार होता. अंधारात एकमेकांना धक्का लागू नये एवढाच त्याचा हेतू. पण त्यामुळे आत कोण आहे आणि किती वेळ आहे, हे सगळ्यांना आपोआप कळत असे.

१२/
शिकितेई सांबा या विनोदी लेखकाचे ‘उकियोबुरो’ १८०९ पासून प्रसिद्ध होऊ लागले. सेंतोत येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गप्पा हाच त्याचा विषय. त्यात बुताशिची नावाचा अर्धांगवायू झालेला माणूस आहे. तो सकाळीच दार उघडण्याची वाट पाहत उभा असतो आणि पुढे गरम पाण्यात फार वेळ बसल्याने त्याला भोवळ येते. सोबतचे लोक त्याला शुद्धीवर आणतात. सांबाने हे हसवण्यासाठी लिहिले, आणि दुबळ्या माणसाची टिंगल आज वाचताना खटकते. तरीही त्या पानांवर एक गोष्ट ठळक दिसते : भोवळ आलेल्या माणसाभोवती माणसे होती.

१३/
गावाकडे मात्र घरगुती टब होता. श्रीमंत शेतकऱ्याकडे स्वतःचा, इतरांकडे शेजाऱ्याचा. आज तुझ्याकडे पाणी तापले तर उद्या माझ्याकडे. घरात स्नानाचा क्रम ठरलेला असे : आधी पाहुणा, मग कर्ता पुरुष, मग मुलगे, आणि सगळ्यांत शेवटी सून. तोवर पाणी कोमट आणि गढूळ झालेले असे. मराठी घरातल्या पंगतीचा क्रम ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

१४/
इथेच एक मजेशीर विसंगती आहे. पहिल्या पाण्याचा मान वडीलधाऱ्यांचा, पण नवे पाणी म्हाताऱ्या माणसाला विषासारखे, अशी म्हणही जपानीत आहे. म्हणीचे म्हणणे बरोबर आहे. पहिला माणूस शिरतो तेव्हा पाणी सर्वांत तापलेले आणि खोली सर्वांत गार असते. दोन-तीन माणसे न्हाऊन गेली की खोलीत वाफ भरते, भिंती ऊब धरतात, पाण्याचा कडका उतरतो. मानापेक्षा जीव जपायचा तर आजोबांनी दुसरा किंवा तिसरा नंबर घ्यावा. आजचे तज्ज्ञ नेमके हेच सांगतात.

१५/
खोली गार का असते? चौदाव्या शतकात योशिदा केन्को या भिक्षूने लिहून ठेवले की घर बांधावे ते उन्हाळ्याचा विचार करून. हिवाळ्यात माणूस कुठेही राहू शकतो. दमट उन्हाळ्याच्या देशात हा सल्ला पटण्यासारखाच. त्यामुळे जपानी घर हवेशीर, पातळ भिंतींचे झाले, आणि शेगडी ठेवायची ती माणूस बसतो तिथे. कपडे उतरवण्याची खोली बहुधा उत्तरेच्या बाजूला, विनाशेगडीची राहिली.

१६/
विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या गृहनिर्माण महामंडळाने आपल्या सदनिकांना स्वतंत्र न्हाणीघर दिले आणि ते मध्यमवर्गाचे स्वप्न बनले. १९६३ मध्ये सुमारे ५९ टक्के घरांत न्हाणीघर होते. १९८८ पर्यंत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे गेले. सेंतोंची संख्या १९६८ च्या सुमारास १८,००० पर्यंत पोहोचून उतरणीला लागली. आज ती दोन हजारांच्याही खाली आहे.

१७/
ही प्रगती खरीच होती. पावसात, बर्फात, लहान मूल पाठीशी बांधून सेंतोपर्यंत चालणे संपले. पण तिचा एक परिणाम तेव्हा कोणी मोजला नाही. गार खोलीत कपडे काढताना रक्तदाब चढतो. गरम पाण्यात शिरल्यावर रक्तवाहिन्या सैलावतात आणि तो उतरतो. झटकन उभे राहिले की आणखी उतरतो. फार वेळ कढत पाण्यात बसल्यास शरीराचे तापमान वाढून ग्लानी येते. या कारणांनी म्हातारी माणसे पूर्वीही बेशुद्ध पडत असणार. फरक एवढाच की आता ती बंद दाराआड पडू लागली.

१८/
जी माणसे अंथरुणाला खिळली होती, त्यांच्या वाट्याला तर स्नानच उरले नाही. १९६३ मध्ये वृद्धकल्याण कायदा झाला. १९६८ च्या देशव्यापी पाहणीत ७० वर्षांवरील सुमारे २ लाख माणसे घरोघरी बिछान्याला खिळलेली आढळली, आणि देश हादरला. त्यांची शुश्रूषा बहुतेक ठिकाणी सुनेच्या माथी होती. ओल्या फडक्याने अंग पुसणे तिला जमे. पण प्रौढ माणसाला उचलून खोल टबात बसवणे आणि पुन्हा बाहेर काढणे एकटीच्या आवाक्यातले नव्हते.

१९/
१९७२ मध्ये अरियोशी सावाको यांची ‘कोकोत्सु नो हितो’ ही कादंबरी आली. विषय : स्मृतिभ्रंश झालेला सासरा शिगेझो आणि नोकरी सांभाळून त्याचे सर्व काही करणारी सून आकिको. पुस्तकाच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. पुढच्याच वर्षी चित्रपट निघाला. त्यातला सर्वांत भयंकर प्रसंग न्हाणीघरात घडतो. सासऱ्याला टबात बसवलेले असताना फोन वाजतो, आकिको तो घ्यायला जाते, आणि परत येते तो म्हातारा पाण्याखाली. तो वाचतो, पण न्यूमोनियाने आजारी पडतो; आकिकोला अपराधीपण ग्रासून टाकते.

२०/
‘उकियोबुरो’ आणि ही कादंबरी यांच्यात १६३ वर्षांचे अंतर आहे. दोन्हींत एक अशक्त माणूस गरम पाण्यात संकटात सापडतो. एकीकडे वर्दळ, दुसरीकडे एकच बाई आणि एक फोन. आकिकोचा दोष कोणता? काही क्षणांसाठी पाठ फिरवली, एवढाच. ज्या कामाला बुद्ध आणि आनंद असे दोघे लागले, ते समाजाने एका नोकरदार सुनेवर सोपवले होते. लाखो वाचकांना ते पुस्तक भिडले ते बहुधा यामुळेच.

२१/
याच सुमारास, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, एक वेगळीच गाडी जपानी गल्ल्यांतून दिसू लागली. तिच्यात पाणी तापवण्याचा बॉयलर, लांब नळ्या आणि दोन भागांत सुटणारा टब. ही फिरती स्नानसेवा. माणूस पाण्यापर्यंत जाऊ शकत नसेल तर टबच त्याच्या बिछान्याशी न्यायचा, ही साधी कल्पना. तिला फार तर दोन तातामी चटयांएवढी जागा पुरते.

२२/
आज ही सेवा अशी चालते. तिघे जण येतात : एक परिचारिका, दोन शुश्रूषक. परिचारिका रक्तदाब, नाडी, ताप पाहते; काही बिघडलेले असेल तर त्या दिवशी नुसते अंग पुसणे. तोवर उरलेले दोघे टबाचे दोन भाग जोडतात, खाली जलरोधक कापड अंथरतात, गाडीतून गरम पाण्याची नळी आत आणतात. टबात झोळीसारखी जाळी ताणलेली असते. माणसाला उचलून तीवर निजवतात, अंगावर टॉवेल पांघरलेलाच ठेवतात, आणि मग हळूहळू पाण्यात उतरवतात. एक जण डोके सांभाळतो आणि केस धुतो. प्रत्यक्ष पाण्यातला वेळ सुमारे १० मिनिटे, एकूण भेट पाऊण तासाची. नंतर पुन्हा रक्तदाब.

२३/
टॉवेलची गोष्ट किरकोळ नाही. परक्या माणसांसमोर उघडे होण्याची लाज हे वृद्धांनी आंघोळ टाळण्याचे मोठे कारण असते. ‘आज नको’ म्हणणाऱ्या आजीला पाण्याची भीती वाटत असेल, थंडी वाजत असेल, किंवा नुसता संकोच वाटत असेल. तिला हट्टी ठरवणाऱ्या घरात पुढची आंघोळ आणखी अवघड होते.

२४/
ही सेवा सुरुवातीला नगरपालिकांच्या मर्जीवर होती. १९९७ मध्ये दीर्घकालीन शुश्रूषा विम्याचा कायदा संमत झाला आणि १ एप्रिल २००० पासून अमलात आला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा आणि गरज पडल्यावर बहुतेकांनी खर्चाचा दहावा हिस्सा द्यायचा. फिरते स्नान त्यात हक्क म्हणून आले. घरात कठडे बसवणे, उंबरठा काढणे, जमीन न घसरणारी करणे यासाठी २ लाख येनपर्यंतच्या खर्चाला, आणि स्नानाची खुर्ची, टबावरची फळी अशा वस्तूंसाठी वर्षाला १ लाख येनपर्यंतच्या खर्चाला विम्याचे साहाय्य ठरले.

२५/
दार बदलण्याचा खर्चही याच यादीत आहे, आणि त्यामागे शहाणपण आहे. न्हाणीघराचे दार आत उघडणारे असेल आणि माणूस दारालगत पडला, तर त्याच्याच अंगाने दार अडते. बाहेरचा आत जाऊ शकत नाही. म्हणून सरकते किंवा घडीचे दार. हा नियम मराठी घरांनाही जसाच्या तसा लागू पडतो, आणि त्याला विमा लागत नाही.

२६/
सोय झाली की तिची यंत्रे होतात. वृद्धाश्रमांत माणसाला स्ट्रेचरवर निजवून पाण्यात सोडणारे यांत्रिक टब आले. फिजिओथेरपिस्ट मियोशी हारुकी यांनी त्यावर सडकून टीका केली. त्यांचे म्हणणे, बसू शकणाऱ्या माणसाला निजवून का न्हाऊ घालता? टबाच्या काठाइतक्याच उंचीचा, सुमारे ४० सेंटिमीटरचा मंचक शेजारी ठेवा. माणसाने त्यावर बसावे, एक पाय आत, मग दुसरा. उठताना पुढे वाकले, डोके गुडघ्यांपलीकडे नेले, की पाणीच कंबर उचलून देते. वर खेचायची गरज फारशी उरत नाही.

२७/
या वादात मियोशींची बाजू अधिक पटते. आजींना स्वतःची सवय वापरू द्यावी, मदतनिसाने जवळ राहून तोल तेवढा सांभाळावा. अर्थात प्रत्येक देह बसण्याच्या अवस्थेत नसतो, आणि अपुऱ्या मनुष्यबळाच्या संस्थेत यंत्र टाळणे बोलण्याइतके सोपे नाही.

२८/
मग एवढे कायदे, एवढ्या गाड्या असूनही पहिल्या पोस्टमधला आकडा का? कारण टबात बुडणारी बरीच माणसे बिछान्याला खिळलेली नसतात. ती हिंडती-फिरती, ‘मला काय धाड भरली आहे’ म्हणणारी असतात. एका पाहणीने दाखवले की स्नानाच्या वेळी हृदय बंद पडण्याचे प्रमाण उबदार ओकिनावात सर्वांत कमी, आणि त्याखालोखाल होक्काइदोत. म्हणजे सर्वांत थंड प्रदेशात! तिथली घरे बंदिस्त, जाड भिंतींची आणि सगळीकडे तापवलेली असतात. मारक ठरते ती बाहेरच्या थंडीपेक्षा घरातली.

२९/
ग्राहक व्यवहार संस्थेचा आजचा सल्ला थोडक्यात असा : कपडे उतरवण्याची खोली आधी गरम करा; पाणी ४१ अंशांच्या आत ठेवा; टबात १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नका; जेवल्यावर लगेच किंवा दारू पिऊन जाऊ नका; कठडा धरून सावकाश उठा; आणि आत जाण्यापूर्वी घरच्यांना सांगा. घरच्यांनीही मधून मधून हाक द्यावी.

३०/
शेवटची सूचना पाळायला घरात कोणीतरी असावे लागते. २०२० च्या जनगणनेत जपानमध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ६७ लाख माणसे एकटी राहत होती. त्यांच्यापैकी अनेक जण आठवड्यातून एक-दोनदा दिवसाच्या शुश्रूषा केंद्रात जातात, ते तिथल्या आंघोळीसाठीच. टोकियोचे काही प्रभाग वृद्धांना सेंतोची मोफत किंवा सवलतीची तिकिटे देतात. आणि केंद्रांत हातांची इतकी टंचाई आहे की जानेवारी २०२१ मध्ये भारताशी झालेल्या कुशल कामगार करारात शुश्रूषेचाही समावेश आहे. तिकडे जाऊ पाहणारी भारतीय मुले-मुली जपानी भाषेबरोबर आणखी एक गोष्ट शिकतात : म्हाताऱ्या माणसाला आंघोळ कशी घालावी.